शिउ-तुआनने बेतलेलं छप्पर

पेंगहू बेटांवर शरदात वारा सुटतो तो वसंतापर्यंत थांबत नाही. त्या वाऱ्यात मीठ असतं. ते खिडकीच्या काचेवर बसतं, वाळत घातलेल्या माकुळांवर बसतं, ओठांवर बसतं, आणि पत्रा कुठे उघडा पडलाय ते बरोबर शोधून काढतं. माझ्या जाळ्यांच्या दुकानाचं छप्पर दोन वर्षांत कडेकडेने तांबूस झालं ते त्यामुळेच.

छप्पर घातलं होतं शेजारच्या खिम-सानने. कामाला चोख माणूस, पण अंगठ्यांचे सांधे गेले, हातकात्री दाबवेना, तेव्हापासून सगळं ग्राइंडरने कापायचा. ठिणग्यांनी रंग जळायचा, खालचं जस्त जळायचं आणि त्या कडेतून गंज आत शिरायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, "गंज मलाही लागलाय. मी बोलतो का काही?"

त्याची बायको शिउ-तुआन. नावाचा अर्थ देखणं साटीन. सोळाव्या वर्षी ती समुद्रापलीकडच्या काओशुंग शहरात कपड्यांच्या कारखान्यात गेली आणि बारा वर्षं कापणीच्या टेबलाशी उभी राहिली. परत आली, लग्न झालं, खिडकीशी मशीन मांडून तिने गावच्या बायकांचे कपडे शिवले. मग बोटीतून तयार कपडे यायला लागले आणि मशीनवर चादर पडली. ती मात्र खिडकीशीच बसायची. अंगणात खिम-सानच्या कामाचे नवे निळे पत्रे रचलेले असत. वारा वरच्या पत्र्याचं टोक हलकेच उचलायचा आणि सोडायचा. "कापडाचा तागा उलगडतोय असं वाटतं," एकदा मला म्हणाली.

एका वसंतात ती काओशुंगला बहिणीकडे गेली आणि येताना हार्डवेअरच्या दुकानातून एक खोकं घेऊन आली. आत ड्रिलच्या तोंडाला बसवायची पत्रा कापायची कात्री होती. दोन पाती स्थिर, मधलं एक पातं वरखाली नाचणारं.

"हे काय? खेकड्याची नांगी?" खिम-सान म्हणाला.

"नांगीच. तू लांब उभा राहा."

पहिल्यांदा तिने आधाराचा दांडा नीट अडकवला नाही. ड्रिल चालू होताच कात्री गर्रकन फिरली आणि मनगट मुरगळलं. खिम-सान हसला नाही, पण हसू दाबताना त्याला खोकला आला. तिने मनगटाला लेप लावला, चार दिवस थांबली, दांडा घट्ट बसवला आणि पुन्हा चालू केलं. ठिणगी नाही, जळका वास नाही, नुसती एकसुरी घरघर. पात्यांमधून पत्र्याची बारीक पट्टी वळत वळत बाहेर पडत होती आणि तिच्या पायाशी निळी वेटोळी साठत होती. तिने खडूने काढलेली रेघ वळली तशी कात्री वळली. कापलेली कड गार होती, मी बोट लावून पाहिलं.

खिम-सान आत जाऊन भोपळ्याच्या शेवया खात बसला. दोन महिने त्याने त्या कात्रीला हात लावला नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी बंदरावरच्या निवाऱ्याचं काम निघालं. नावा परतायची वाट बघत बायका तिथे बसत. त्याचं जुनं गोल छप्पर गंजून गंजून मागच्या हिवाळ्यात कोसळलं होतं. शहरातला कंत्राटदार येऊन म्हणाला, "सपाट घालून देतो, गोल कोणी कापत नाही आता." बायका ऐकेनात. सपाट छप्पर वारा उचलून नेतो, गोलावरून घसरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

शिउ-तुआन निवाऱ्याभोवती एक फेरी मारून आली. "हा घेरदार झगा आहे," ती म्हणाली. "कळ्या जोडायच्या."

माझ्या दुकानाच्या फरशीवर तिने वर्तमानपत्रं पसरली आणि चौदा निमुळत्या कळ्या बेतल्या. पहिल्या दोन फुकट गेल्या. सवयीने तिने कापडासारखी शिवणीची माया सोडली होती, आणि पत्रा जोडावर फुगून आला. ती त्या दोन तुकड्यांकडे बघत बसली.

"कापड ओढून बसवता येतं गं," ती माझ्या बायकोला म्हणाली. "हा मेला ऐकतच नाही."

तिसऱ्या दिवशी ती निवाऱ्यापाशी कापत असताना वारा लवकर सुटला. अर्धी कापलेली कळी तिच्या हाताखाली फडफडायला लागली. बाजूला स्टुलावर बसून बघणारा खिम-सान उठला, आला आणि दुखऱ्या अंगठ्यांऐवजी दोन्ही तळव्यांनी त्याने पत्रा दाबून धरला.

"कापड उडतंय तुझं," तो म्हणाला.

"मग धर ना नीट. इतके दिवस कुठे होतास?"

तो संध्याकाळपर्यंत धरून उभा राहिला.

पुढे ती कापायची, तो कडा दुमडून रिव्हेट मारायचा. दुपारी ती निवाऱ्याच्या भिंतीशी पुठ्ठ्यावर आडवी व्हायची. एकदा उठली तेव्हा तिचे डोळे अजून कुठेतरी लांब होते. म्हणाली, "कारखान्यात होते. पोरी टेबलावर निळं कापड पसरत होत्या, संपतच नव्हतं. पलीकडे भिंत नव्हती, समुद्र होता. मी कापत कापत पाण्यात गेले. जागी झाले तर पाय खरंच गार होते."

"भरती आली होती, बाई," खिम-सान म्हणाला. "पुठ्ठा भिजला तुझा."

ती हसली, आम्हीही हसलो. पण ती पुन्हा कापायला बसली तेव्हा पोरी समोर उभ्या असाव्यात तशी मान जराशी कलती करून बसली होती.

शरदात छप्पर चढलं. पहिल्या मोठ्या वाऱ्याच्या दिवशी आम्ही सगळे जाऊन आत उभे राहिलो. वारा वरून सरकत होता, आणि आत शिंपल्यात ऐकू येतो तसा खोल, झोपाळू आवाज भरला होता. एका म्हातारीला उभ्याउभ्याच डुलकी लागली. पत्रा हलला नाही. त्याला दोन हिवाळे झाले, कडा अजून निळ्या आहेत.

आता गिऱ्हाईक आलं की खिम-सान आत बोट दाखवतो. "कापायचं असेल तर तिला विचारा. मी जोडतो फक्त."

काल पलीकडच्या बेटावरून तिला छप्पर बेतायला बोलावणं आलं. आज सकाळी धुकं होतं. ती नावेत मांडीवर ड्रिलचं खोकं धरून बसली, शेजारी खिम-सान वर्तमानपत्रांची गुंडाळी सांभाळत होता. मी धक्क्यावरून हात हलवला, पण ती पाण्याकडे बघत होती. नाव धुक्यात शिरली आणि थोड्या वेळाने इंजिनाचा आवाजही ऐकू येईनासा झाला.