न फोडलेल्या पाटाचं पाप

सांगलीला तत्त्वज्ञानात एम.ए. करते म्हटलं की गावात पहिला प्रश्न, मग भरती कुठं निघती याची? आमचे आप्पा, म्हंजे वडील, फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. पहिलं वर्ष संपलं तसं त्यांनी ऑर्डरच काढली. "काय शिकलीस ते रविवारी पारावर सांग. चार माणसांस्नी कळलं तर दुसरं वर्ष. न्हाई कळलं तर पोलीस भरती."

पोलीस भरती! मला एस्टी गाठताना धाप लागती!

त्यात माझा वर्षभराचा विषय काय, तर ख्रिस्ती धर्मानं पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाला काय दिलं. आमच्या कुंडलकडच्या गावात चर्च न्हाई, पाद्री न्हाई, उदाहरण द्यायचं कुणाचं? शनवारपर्यंत वह्या चाळल्या आन मग मला बुधवार आठवला.

आमची आन आबांची, म्हंजे थोरल्या चुलत्याची, विहीर एकच. पाण्याच्या पाळ्या वाटलेल्या. बुधवार आबांचा. त्या दिवशी भर दुपारी आप्पा खोरं घेऊन आबांच्या पाटाकडं निघाले, पाट फोडून पाणी आपल्या उसात घ्यायला. खोरं उचललं आन लाइट गेली. मोटर बंद, पाणी बंद. आप्पा गुमान माघारी. मी बांधावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलेली, त्यांना दिसलेच न्हाई!

रविवारी पारावर आप्पा, आबा आन रिटायर सुभेदार. दोन-चार जण आणखी, पेपर वाचल्यासारखं करत.

मी सुरू झाले. "जुने ग्रीक म्हणायचे, माणूस चुकतो ते त्याला कळत न्हाई म्हणून. कळलं की सुधारतो."

"खोटं हाय," सुभेदार म्हणाले. "माझ्या नातवाला सगळं कळतंय. तरी गाडीवर चौघं बसवतोय."

"तेच तर! ख्रिस्ती विचारवंतांनी हेच धरलं. कळतंय, तरी मन दुसरीकडं वडतंय. आन त्यांचा देव हातानं काय केलं तेवढंच बघत न्हाई, मनात काय हुतं तेबी बघतो. पुढं देव न मानणाऱ्यांनीसुदिक हा प्रश्न सोडला न्हाई. काय केलंस, याच्याबरोबर कशासाठी केलंस हे विचारायचंच."

म्हटलं, आता उडवावा बार.

"समजा, एक जण दुसऱ्याच्या पाळीचं पाणी चोराय गेला. पाट फोडणार, तवर लाइट गेली. पाप झालं का न्हाई?"

"झालं!" आबा ताडकन उठले.

"कुठलं झालं?" आप्पा त्यांच्यापेक्षा जोरात. "पाट फुटलाच न्हाई तर पाप कसलं? वायरमनला पुण्य लावा मग!"

"तुला रं कशाला एवढा राग?" सुभेदारांनी चष्मा पुसला. "समजा म्हणाली की ती."

आबा आप्पांकडं बघायला लागले. लय सावकाश म्हणाले, "बुधवारी लाइट गेल्ती, गड्या. आन माझ्या पाटाजवळ तुझ्या बुटाचे ठसे हुते. फौजेचे."

मला हसू आवरंना, पदर न्हाई म्हणून ओढणी तोंडात कोंबली.

"आप्पा," मी म्हटलं, "कळलं का न्हाई, ते तुमी सांगायचं."

कळलं न्हाई म्हटलं तर सुटत हुते. मला भरतीला धाडून मोकळे. आप्पा मिशीवर हात फिरवत बसले. मग आबांकडं न बघता म्हणाले, "गेल्तो. ऊस वाळाय लागल्ता. चुकलं."

"आरं, मागून घ्यायचं हुतंस की," आबा म्हणाले. "मी काय परका हाय व्हय?" आन खाली बसता बसता हळूच, "मीबी दोन येळा तुझ्या पाटापतूर आलोय. तुझं कुत्रं भुकलं म्हणून माघारी गेलो."

सुभेदार एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "पोरीला शिकू दे रं! एका तासात दोन चोर धरले हिनं!"

आप्पा उठले, चपला घातल्या. घराच्या दारात थांबून म्हणाले, "शिक. पर ह्यापुढं उदाहरण दुसऱ्याच्या घरातलं दे."