काटई नाक्यावरून टोरांटो

“भावोजी विमानाला घाबरले. काटई नाक्यापर्यंत गेले आणि गाडी परत फिरवली. ताईने दटावले म्हणून कसेबसे टोरांटोला पोचले.”

माझे धाकटे मेहुणे हा वृत्तान्त दोन वर्षे प्रत्येक लग्नकार्यात ऐकवत आले आहेत. आजवर मी दुर्लक्ष केले. परवा मात्र टोरांटोहून लेकीने फोनवर विचारले, “बाबा, एवढा प्रवास एकट्याने नक्की जमेल ना? मामा म्हणत होता...” तिची रजा संपते आहे आणि नातवाजवळ घरचे माणूस हवे आहे. हिचे गुडघे इतका वेळ बसू देत नाहीत. तेव्हा जाईन तर मीच. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

गाडी मी परत फिरवली, हे खरे. कारण खोटे आहे.

आमच्याकडे प्रवासाच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवतात. सुपारी, तांदूळ आणि अंगावरचे एखादे वस्त्र बांधून प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायचे, की प्रवास सुरू झाला; निघताना ते उचलायचे. त्या वेळी तिकीट अमावास्येचे निघाले. हिने तीन दिवस आधी कल्याणला माझ्या थोरल्या बहिणीकडे गाठोडे ठेवले. ते बांधताना मी म्हणालो, “प्रस्थानात प्रवासाची सर्वांत मोलाची वस्तू हवी,” आणि दोघांचे पासपोर्ट त्यात घातले. ही माझी चूक. ती मी कधीच नाकारलेली नाही.

विमानतळाच्या वाटेवर काटई नाक्याला हिने विचारले, “अहो, पासपोर्ट वरच्या खिशात ना?”

गाडी कल्याणकडे वळली. बहीण दारातच गाठोडे घेऊन उभी होती. “टोरांटो पश्चिमेला, म्हणून प्रस्थान कल्याण पश्चिमेला! शहाणाच आहेस,” ती म्हणाली. मी वाद घातला नाही. तेवढा वेळच नव्हता.

विमान आम्हाला मिळाले. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये एकदा विमान बदलून आमच्या उंबरठ्यापासून लेकीच्या उंबरठ्यापर्यंत सत्तावीस तास लागले. त्यांतले दोन कल्याणच्या फेरीचे. ते भीतीच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार मेहुण्यांना नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दर तासाला उठून फेऱ्या मारल्या. बर्फाच्छादित प्रदेश खाली दिसू लागला तेव्हा हिला उठवून दाखवला. भ्यालेला माणूस खिडकीची झडप बंद ठेवतो.

हे सारे मी मेहुण्यांना फोन करून ऐकवले. ते हसले. “भावोजी, तेव्हा ताई शेजारी होती. आता एकटे निघाल तर काटईपुढचा शीळफाटासुद्धा ओलांडणार नाही!”

यावर शब्द खर्च करणे मला मान्य नाही. काल सकाळी मी टोरांटोचे तिकीट काढले. एकट्याचे.