लीलाजिजीची अर्धी पट्टी

लीलाजिजी अँटिबायोटिक गोळ्यांची पट्टी कात्रीने कापायची. डॉक्टरांनी सात दिवसांच्या दिल्या की तीन दिवसांच्या स्वतः घ्यायची, उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. गल्लीत कुणाची दाढ ठणकली की डबा उघडायचा. “आर्धं मन्हं, आर्धं तुन्हं. औसद काय एकलीनी खावानं ऱ्हास का?”

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, मिरच्या वाळवायच्या मैदानात, देठं खुडून तिची बोटं कायम लाल असायची. ती आमची शेजारीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला धाडलं. माझा माठ आतून बुळबुळीत दिसला की माझी हजेरी घ्यायची. “नुसतं पानी वतीसन हाई निंघस का, माय? घासनं पडस.” मग स्वतःच काथ्या घेऊन बसायची.

गेल्या वर्षी तिच्या दाढेखाली पू झाला. गोळ्या पूर्ण घ्या, मग दाढ काढू, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि कात्री चालली. मी चिडले. “जिजी, दातवर भी माठसारखाच थर बठस. जंतू त्याना मझार लपतस. गोया वरवर जातीस.”

ती हसली. “दुखनं थांबनं ना? मंग दाढ कसाले काढनी?”

मी तिला हाताला धरून न्यायला हवं होतं. नेलं नाही.

महिन्याभरात सूज जबड्यावरून गळ्यापर्यंत उतरली, श्वास कोंडू लागला. तिला दवाखान्यात ठेवलं. मी तिथल्याच लॅबमध्ये कामाला, पूचा नमुना माझ्याच टेबलावर आला. थाळीत जंतू वाढवून त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. दुसऱ्या दिवशी मी थाळी उजेडात धरली. एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. मी वेड्यासारखी ती पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी जिजी गेली.

तेराव्याला तिच्या सुनेने तो डबा माझ्या हातात दिला. आत एकच अर्धी पट्टी होती, कडा नीट कापलेली. सून म्हणाली, “सासूबाईनी कोनलेच हात लावू दिधा नही. तुमनी दाढ दुखस ना, तुमनाकरता ठेयेल व्हती.”

माझी दाढ दुखते, हे मी तिला एकदाच, बोलता बोलता सांगितलं होतं. उंबऱ्यावर बसून मी ढसाढसा रडले. मग गोळ्या मोजल्या. तिने न घेतलेल्या चार दिवसांच्या होत्या. एकही कमी नव्हती.