बोलणं कोणत्या बाजूला

कौशल्या गजभियेला भीती वाटायची नाही, भीती यायची. पोटाच्या तळातून उठायची, छातीवरून घशापर्यंत चढायची, दूध करपल्याचा वास यायचा आणि पुढचं काही आठवायचं नाही. भानावर यायची तेव्हा गालाची आतली बाजू चावलेली असायची आणि समोरची माणसं तिच्याकडे टक लावून बघत असायची.

ती मूळची अमरावतीकडची. लग्न करून दिल्लीत आली ती सरळ लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा अंबादास सेंट्रल गव्हर्नमेंटच्या नोकरीत. पुढे तिलाही एका सरकारी भवनाच्या स्वागत कक्षात नोकरी लागली. येणाऱ्याचा पास बनवायचा, वर साहेबांना फोन लावायचा, कुणाला कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं. दिवसभर बोलणं. त्यात ती तरबेज होती. अधूनमधून बोलता बोलता हरवायची, तेव्हा शेजारची बाई म्हणायची, "मॅडम का बीपी लो हो गया." हे बीपीचं अंबादासनेच पसरवलं होतं. मिरगी हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. नोकरी जाईल, मुलीच्या, निधीच्या लग्नात आडवं येईल, असं दोघांनाही वाटे. निधीलाही त्यांनी बीपीच सांगितलं होतं.

मग फरीदाबादचा फ्लॅट झाला. त्या वर्षांत ओळखीतले सगळेच नव्या सोसायट्यांमध्ये जात होते. बँका घरी येऊन कर्ज देत होत्या. चौथा मजला, लिफ्ट, मोठी बाल्कनी. अंबादास पाहुण्यांना आधी बाल्कनी दाखवायचा. कौशल्या तिथे कपडे वाळत घालायलासुद्धा जायची नाही. क्वार्टरमध्ये दारं उघडी असायची, धपकन आवाज झाला की कुणीतरी यायचं. इथे सगळी दारं बंद. गॅसपाशी उभं राहताना भीती, हायवे ओलांडताना भीती. यातली कुठली खरी आणि कुठली ती दुसरी, हे तिला कळेनासं झालं होतं.

एकदा लिफ्टमध्येच तिला फिट आली. दार उघडलं तेव्हा ती कोपऱ्यात पडलेली, साडी ओली झालेली, आणि समोर गार्ड आणि दोन शेजारी. त्यानंतर ती घराबाहेर पडायला तयार होईना. शेवटी अंबादासने तिला दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर नीरजा तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. मेंदूचे फोटो काढले, डोक्याला तारा लावून आलेख काढले. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर आतल्या अंगाला, जुना व्रण निघाला. ती भीती तिथूनच उठत होती. गोळ्या बदलून पाहिल्या, फरक पडेना. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की तेवढा भाग ऑपरेशनने काढता येईल.

सहीसाठी पेन पुढे केलं, ते कौशल्याने डाव्या हाताने उचललं आणि उजव्या हातात घेतलं.

"आप लेफ्ट-हैंडेड हैं?"

"नहीं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बचपन में थी. माँ हाथ बाँध देती थी."

डॉक्टरांनी कागद परत घेतला. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, त्यांनी समजावलं. डावऱ्या माणसांत कधी कधी ते उजवीकडे असतं. तसं असेल तर आपण जिथे कापणार, त्याच्या शेजारीच तुमचं बोलणं आहे. आधी ते बघायला हवं. एक नवीन मशीन आलंय. डोक्यावर चुंबकाचं कडं धरायचं, कापाकापी नाही. बोलण्याच्या जागेवर धरलं तर क्षणभर बोलणं थांबतं. अजून अभ्यास चालू आहे त्याचा. आणि हो, त्याने फिट येऊ शकते, क्वचित. पण आम्ही तयारीत असू.

घरी येताना बसमध्ये कौशल्या अंबादासला एवढंच म्हणाली, "अहो, बोलणं परत सुरूच झालं नाही तर?"



तपासणीला निधी बरोबर आली. तिला सगळं सांगावंच लागलं होतं. ती रडली नाही, चिडली. "इतनी सी बात तुम्ही माझ्यापासून लपवली?" असं म्हणाली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही, पण त्या सकाळी स्वतःच तयार होऊन बसली. खोलीत जायच्या आधी कौशल्याने कानातलं, मंगळसूत्र, केसातल्या पिना काढून तिच्या हातात दिल्या.

खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी. कानात बोळे घातले. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं जाड कडं डॉक्टरांनी डाव्या बाजूला धरलं. काहीतरी पाठ असलेलं म्हणत राहा, म्हणाल्या, कुठल्याही भाषेत. कौशल्याला पाढेच सुचले. तिने सातचा सुरू केला.

टक् टक् टक् टक्. कुणीतरी टिचक्या मारतंय तसं वाटलं. गाल उडत होता, पापणी लवत होती. पण पाढा पुढे चालला. कडं जरा पुढे, जरा मागे सरकवलं. पाढा चालूच. चांगलंच झालं असं वाटून निधीने हसून अंगठा वर केला.

मग डॉक्टर उजवीकडे आल्या आणि कौशल्याच्या पोटात भीती उठली.

हीच ती, तिला वाटलं. आता वास येणार. तिने श्वास रोखून वाट पाहिली. वास आला नाही. मग ही साधीच भीती होती, कुणालाही वाटेल अशी. ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

"शुरू कीजिए."

"सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक..."

टक् टक् टक्. एकवीस तिला माहीत होतं. एकवीस अगदी समोर उभं होतं. जीभ हलत होती, ओठ हलत होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. तिने जोर लावला. काही नाही. आपल्याच घराला कुणी बाहेरून कडी घालावी आणि आपण आत धडका माराव्यात, तसं. निधी उठून उभी राहिलेली तिला दिसली. तिला हाक मारायची होती. मुलीचं नाव येईना.

टकटक थांबली.

"एकवीस!" ती ओरडली आणि हमसून रडायला लागली.

खात्रीसाठी तेच पुन्हा करावं लागलं. पुन्हा तसंच झालं. डॉक्टर म्हणाल्या, तुमचं बोलणं उजवीकडे दिसतंय. यावरच निर्णय घेऊ नका. इंजेक्शन देऊन मेंदूची एक बाजू थोडा वेळ झोपवतात, ती जुनी, पक्की तपासणी आहे. तीही झाली. त्यातही तेच निघालं. ऑपरेशन अजूनही करता येईल, फिट्स कदाचित थांबतील, पण बोलण्याला धोका राहील. ठरवायचं तुम्हीच.

अंबादासला ऑपरेशन हवं होतं. "डॉक्टर आहेत ना सांभाळायला," तो म्हणत राहिला.

"आत मी होते," कौशल्या म्हणाली. "तुम्ही बाहेर होतात. फिट येते आणि जाते. ते दार कायमचं बंद झालं तर मी काय करू?"

तिने नकार दिला. डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळ्यांची नवी जोडी लावली. फिट्स कमी झाल्या, थांबल्या नाहीत. बरोबर केलं की चूक, हे तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. ऑपरेशन करून बरी झालेली माणसं तिला हॉस्पिटलात भेटायची, तेव्हा ती घरी येऊन जुने रिपोर्ट पुन्हा काढून बघायची.

एक मात्र तिने केलं. ज्या दिवशी कामावर परत गेली, त्या दिवशी पास बनवायची खिडकी उघडण्याआधी शेजारच्या बाईला जवळ बोलावलं. "मुझे मिरगी है," ती म्हणाली. "आए तो पकड़ना मत, मुँह में कुछ डालना मत. करवट पे लिटा देना."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा. और पानी?"

"होश आने के बाद."

बाहेर रांग लागली होती. कौशल्याने खिडकी उघडली आणि पहिल्या माणसाला नाव विचारलं.