मागून येणारी झील

आमच्या घरात ना अंगारे, ना धुपारे, ना कुणाला बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवणं. असं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ तोंडावर म्हणायचे, पुरे करा, मला कामं आहेत. आणि आज मीच हे लिहून राहिले... हसा खुशाल.

आम्ही वसमतचे. माझे मिस्टर मिलिंद मोंढ्यात हळदीच्या आडतीवर कामाला होते. मी गाणी रचते, चाल मीच लावते, गातेही मीच. हे झील ओढायचे. म्हणजे मी ओळ संपवली की तिचे शेवटचे शब्द मागून ह्यांनी उचलायचे. जयंतीच्या कार्यक्रमात गल्लीतले लोक चिडवायचे — बाई पुढं अन् बुवा मागं! ह्यांना त्याचं काही नसायचं. "मी मागं हाय म्हणून तर तुझा दम टिकून राहिला," म्हणायचे.

जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. स्वतः रचलेलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकायचं आणि बाकीच्यांनी बोलून सांगायचं, कुठं फसलं ते. नुसतं 'छान' म्हणायला बंदी, अंगठ्यालाही बंदी. त्यात आमच्याकडच्या गोरेगावचे साहेबराव काका म्हणजे महाखडूस. ह्यांची तर दर वेळी खरडपट्टी, कारण हे झील कायम जरा उशिरा उचलायचे. "अरे बाबा, ती पार बाळापूरला पोचली अन् तू अजून वसमतच्या स्टँडवरच!" हे हसायचे, आणि पुढच्या गाण्यात पुन्हा तेच.

मागच्या वर्षी हे गेले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. मी गाणं सोडलं, पेटीवर कापड टाकलं ते टाकलंच.

मग एकदा भाकरी थापताना एक ओळ सुचली. हळूहळू गाणं झालं. दुपारी घरात कोणी नसताना, पंखा बंद करून, दार लावून ते मोबाईलवर म्हटलं. सवयीनं प्रत्येक ओळीनंतर झिलेची जागा सुटत गेली. त्या रिकाम्या जागा ऐकून इतकं रडू आलं... तरी तसंच ग्रुपवर टाकलं.

साहेबराव काकांचा व्हॉइस मेसेज आला — "पोरी, गाणं बराबर जमलंय. पण झिलेला कोण बसवलाय? ह्यो बी मिलिंदावानी मागूनच येऊन राहिला."

माझं डोकंच फिरलं. फोन लावून त्यांना नको नको ते बोलले. गेलेल्या माणसाची थट्टा करता? काका गडबडले. "थट्टा कशाला करू गं? दोन आवाज हायत की त्यात. मी खोटं बोलत असन तर शीतलला विचार." शीतल म्हणजे ग्रुपमधली बाळापूरची पोरगी, अगदी सरळ. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुमी दाजींची जुनी क्लिप जोडली. त्यांचाच आवाज हाय ना?"

जुनी क्लिप कशी जोडणार? शब्दच नवे होते. ह्यांनी ते कधी ऐकलेच नव्हते!

इअरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. माझा आवाज, मग रिकामं, मग माझा आवाज. बस.

सासूबाईंना मोबाईलमधलं काही कळत नाही आणि काका काय म्हणाले हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नुसतं म्हटलं, आत्या, माझं गाणं ऐका. पहिल्याच ओळीनंतर त्यांनी पदर तोंडाला लावला. "माझं लेकरू गं माय... माझं लेकरू!" त्या रडत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. राग आला म्हटलं तरी चालेल.

कानाच्या डॉक्टरला दाखवलं. कान ठणठणीत. मग आणखी गाणी रचली, एकामागून एक. प्रत्येकात ह्यांची झील. काकांना ऐकू येते, शीतलला येते, आत्यांना येते. मला नाही.

झीलकऱ्याला स्वतःचं काही बोलता येत नाही, पुढच्यानं दिलेलेच शब्द तो उचलतो. म्हणून मी एक गाणं मुद्दाम रचलं. त्याची प्रत्येक ओळ संपते 'मी हितंच हाय' या शब्दांवर. ह्यांनी तेवढे उचलावेत आणि कुणीतरी ऐकून मला सांगावं. मला ऐकू आलं नाही तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं.

गाणं टाकलं. ग्रुपवर कुणीच बोलेना. शेवटी मीच काकांना फोन केला.

"काका, दोष सांगा ना."

"दोष न्हाई पोरी... पण या गाण्यात झील न्हाई गं. समदं रिकामं हाय."

आत्यांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत फोन कानाला धरला आणि नुसती नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर मी गाणं केलेलं नाही. आधीच्या गाण्यांत ह्यांचा आवाज लोकांना अजून ऐकू येतो म्हणतात. कसा, ते मला कळलेलं नाही, आणि आता कळून तरी काय करू? कुणी म्हणतं भास असेल. अहो, भासच व्हायचा होता तर आधी मला झाला असता की! गोरेगावात बसलेल्या माणसाला होतो, बाळापूरच्या पोरीला होतो... मला एकटीलाच काहून नाही?