डाव्या हाताचं खोटं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. पोराजवळ नाही, विहारात माझ्या बाजूला बसून ढोलक वाजवणाऱ्या गड्याजवळ नाही, आणि जिच्याशी खोटं बोललो त्या सुनेजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काय असणार? तुम्ही तिच्या ओळखीचे नाही, एवढंच.

मी अड्याळचा. तीस वर्षं एसटीत कंडक्टर, आणि त्याहून जास्त वर्षं पेटीवाला. जयंती असो, कोणाचं लग्न असो, पेटी म्हटली की मला बोलावणं यायचंच. माझी सून प्रज्ञा मूळची नागपूरची, पवनीला बँकेत होती, माझ्याच घरून ये-जा करायची. पोरगा पुण्याला कंपनीत. लग्न होऊन नवरा-बायको दोन टोकांना — ती बदलीचा अर्ज करून पुण्याला जाणार हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात माझी बायको शांता गेली, आणि तो अर्ज तसाच राहिला.

शांता गेल्यावर मी पेटी उघडली नाही. जेवणही धड नव्हतं. एका रविवारी प्रज्ञानं माहेरचा इलेक्ट्रिक पियानो पिकअपमध्ये घालून आणला, समोरच्या खोलीतली धानाची पोती सरकवली आणि तिथं मांडला. शाळेपासून शिकलेली पोरगी. तिनं एक गाणं वाजवलं. परदेशातलं, जॅझमधलं, जुनं आणि संथ. त्यात सूर जरासा उशिरा यायचा. शांताला हाक मारली की ती आतून 'आली' म्हणायची आणि मग आरामात यायची — तसं. माझे डोळे भरून आले बाप्पा. मी म्हटलं, हे मला शिकव.

तिला एवढा आनंद झाला! म्हणाली, "बाबा, हे तुमच्या दोन्ही हातात बसलं ना, का मी अर्ज भरते. तुम्ही एकटे बसून वाजवता म्हटलं का मंग मले घोर नाही."

आता पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे काय? त्याला सूर ठाऊकच नसतो. जन्मभर तो भाता मारतो, पेटीत हवा भरतो, बस. पियानोवर उजवा हात झकास चालायचा आणि डावा उठून हवेत भाता शोधायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा प्रज्ञा इतकी हसली की चहा ओढणीवर सांडला. त्या घरात कितीतरी महिन्यांनी कोणी हसलं होतं. मग मीही हसलो.

रोज संध्याकाळी ती बँकेतून यायची, हातपाय धुवायची, चहा मांडायची आणि आम्ही तासभर बसायचो. माझी बोटं धरून पट्ट्यांवर ठेवायची. भाता नाही बाबा, भाता नाही, असं लहान पोराला रागवावं तसं रागवायची. मधेच बँकेतल्या साहेबाची नक्कल करायची. मी दुपारपासून घड्याळ बघत बसायचो.

सांगतो. तिथंच येतो आहे.

कापणीचे दिवस होते, गाव सारं शेतावर. दुपारी एकटाच बसलो आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. मधला तो अवघड भागसुद्धा. डावा हात एकदाही उठला नाही. आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला आधी आठवला तो तिचा अर्ज. संध्याकाळी प्रज्ञा आली, बाजूला बसली. मी मधल्या भागापर्यंत नीट वाजवलं — आणि तिथं डावा हात उचलून हवेत भाता मारला.

ती हसली. मी म्हटलं, नाही ऐकत वं पोरी हा हात.

हात चुकला नव्हता. मी चुकवला होता. आणि त्या एका दिवशीच नाही — रोज, वर्षाच्या वर, त्याच जागी. जन्मभर विनातिकीट लोकांना पकडून चारचौघांत बोल लावणारा मी, घरात हे करत होतो.

अर्जाची तारीख आली आणि गेली. पोरानं फोनवर विचारलं असणार, काहून नाही भरला. मी बाजूच्या खोलीत होतो. ती हळू आवाजात त्याला समजावत होती, की बाबांचं अजून जमलं नाही, एवढ्यात टाकून कशी येऊ? तो दोन महिन्यांतून एकदा यायचा, मेसचं खाऊन वाळलेला, आणि दोन दिवसांत परत. त्याला गाडीत बसवून आम्ही स्कूटीनं घरी यायचो, की ती आधी कॅलेंडरवर त्याच्या पुढच्या खेपेची तारीख बघायची. मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हात उचलायचो.

पुढच्या वर्षी पोरानंच हट्ट धरला. अर्ज गेला, बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, बाबा, एकदा शेवटचं वाजवा. तेव्हा तरी वाजवायचं होतं — हो ना? पण नीट वाजवलं असतं तर मागचं सारं तिच्या ध्यानात आलं असतं. मी भ्यालो. त्याच जागी हात उचलला. या वेळी ती हसली नाही. माझा हात धरून हळूच पट्ट्यांवर ठेवला.

"तुमचा दोष नाही बाबा," ती म्हणाली. "मलेच शिकवता नाही आलं."

पियानो माझ्यासाठी इथंच ठेवून गेली. मागच्या महिन्यात फोनवर सांगत होती, त्यांच्या बिल्डिंगमधल्या दोन मुलींची आई विचारायला आली होती, पियानो शिकवता का म्हणून. प्रज्ञानं नाही म्हटलं. "एका माणसाले शिकवता नाही आलं, लेकरांचं कायले नुकसान करू?" हे तिनं हसत सांगितलं. मी बरं म्हणालो.

रोज संध्याकाळी मी चहा मांडतो आणि ते गाणं पूर्ण वाजवतो. फार छान वाजतं. तिनं शिकवलंच तसं. मग तिचा फोन येतो, जेवले का विचारते, आणि डावा हात कसा आहे विचारते. मी सांगतो, तसाच आहे.