मोडलं तर परत मिळतं का?

शिकवणाऱ्या माणसाकडे प्रश्न साठत जातात आणि प्रश्नांच्या मागून किस्से. सकाळी मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिथले प्रश्न सगळे एकाच छापाचे, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ पण संध्याकाळी मी एका ऑनलाइन गेममध्ये आमच्या टोळीचा खजिनदार असतो. तिथले प्रश्न मात्र एकेक ऐकण्यासारखे!

गेम साधा आहे. फाटक्या कपड्यांत एका राज्यात उतरायचं. लाकूड तोडायचं, लोखंड खणायचं, त्यातून वस्तू बनवायच्या, बाजारात विकायच्या आणि मोहरा कमवायच्या. आमच्या टोळीचं नाव ‘दूधकट्टा’. सगळे कोल्हापुरातले नाहीतर आसपासचे. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत खेळतो. म्हणजे बोलतो जास्त, खेळतो कमी.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मोडलं तर परत मिळतं का?’ मी म्हणतो, नाही. मग तो घाबरतो, आणि मला हसू येतं. यायचं, असं म्हणूया.

*

संभादादा कळंब्याचा. घरच्या म्हशी, दुधाचा धंदा आणि आवाज असा की हेडफोन कानापासून चार बोटं लांब धरावा लागतो. गेममध्ये त्यानं स्वतःच्या हातानं पहिली कुऱ्हाड बनवली. तिला धार लावायची तर ऐरणीवर ठेवून बटण दाबायचं. नशीब असेल तर लखलखीत होते, नसेल तर तुकडे.

“सर, मोडली तर परत मिळती का?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी विचारलं, “दाबलंस का बटण?” तर म्हणतो, “आज अमावस्या हाय!” त्याच्या पुढच्या दिवशी, “सर, मन धजंना.” बैलाच्या शिंगाला हात घालणारा गडी, पण त्या बटणापर्यंत नेलेला अंगठा मागे घ्यायचा. शेवटी त्यानं बायकोला बोलावलं. म्हशी तिच्याच हाताला पान्हवतात, म्हणजे हाताला गुण आहे.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. टण्ण! कुऱ्हाडीचे तुकडे!

तेवढ्यात वहिनींचा आवाज आला, “झालं न्हवं? आता उठा, वैरण टाका!”

*

डॉक्टर पूर्वा दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते, पण गेमच्या बाजारात शिरली की तिचीच दातखिळी बसायची. कुणी फसवेल ही भीती! एकदा बाजारात एकानं तिला गाठलं. “ताई, तुमच्या मोहरा माझ्याकडे द्या, डबल करून देतो.” हा तिथला जुना धंदा. मोहरा घ्यायच्या आणि पसार व्हायचं.

पूर्वानं घाबरत घाबरत विचारलं, “डबल व्हायला किती दिवस? मुदतीआधी काढले तर काय कापणार? मला काही झालं तर मिस्टरांना मिळतील ना? पावती देता का?” त्याच्या प्रत्येक उत्तरातून तिला नवीन भीती सुचायची आणि त्या भीतीतून नवीन प्रश्न.

शेवटी त्या ठगानं लिहिलं, “ताई, पाया पडतो. तुमचे पैसे नकोत मला!”

*

मग काकू आल्या. गगनबावड्याहून. मागे पत्र्यावर पावसाचा ताशा चालू होता, त्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या.

“मी नवीन हाय. इथं माणूस शोधायचा झाला तर कसा शोधायचा?”

मी म्हटलं, “काकू, आधी लाकूड तोडायला शिका.”

“लाकूड तोडते की. पण मला माझा पोरगा बघायचाय.”

पोराचं नाव अभिजित. स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वडील रागाच्या भरात म्हणाले, “परत तोंड दाखवू नको.” तो पिशवी घेऊन निघून गेला. तेव्हापासून फोन बंद. पोलिसांत सांगून झालं, पाहुण्यारावळ्यांत शोधून झालं. त्याच्या एका मित्रानं तेवढं सांगितलं की अभ्या हा गेम खेळायचा, ‘घाटमाथा’ या नावानं, आणि ते नाव अजून अधूनमधून ऑनलाइन दिसतं.

“मला त्याला घरी ये म्हणायचं न्हाय,” काकू म्हणाल्या. “जिता हाय का, एवढंच बघायचंय.”

मागून एका पुरुषाचा आवाज आला, “बंद कर ते! त्या खेळानंच वाटोळं केलंय!” काकूंनी माइक बंद केला. थोड्या वेळानं त्या परत आल्या, तेव्हा संभादादा एवढ्या हळू बोलला की मला हेडफोन कानाला टेकवावा लागला.

“काकू, आधी कुऱ्हाड घ्या. हितं कुऱ्हाडीबिगर काय हालत न्हाय.”

*

काकूंनी गेममध्ये नाव घेतलं ‘अभ्याची आई’. शिकायला हुशार, पण हट्टी! ओलं झाड तोडणार नाहीत. घरी बनतं ते बाजारातून घेणार नाहीत. मोहर खर्च करायची म्हटली की, “कशाला? हाय त्यात भागतंय की.”

गेममध्ये वस्तू पाठवायची तर लाकडी पेटीतून पाठवतात. मी त्यांना थोडं लोखंड आणि कापड पाठवलं. पेटी परत आली, आत साखर. एक नग! बाजारात सगळ्यात स्वस्त वस्तू. मला वाटलं, चुकून राहिली. मी ती परत पाठवली, तर काकू माझ्यावर उखडल्या.

“सर, शेजारणीची वाटी रिकामी देत्यात व्हय? काय नसलं तर चिमूटभर साखर घालायची! अभ्या रिकामी वाटी घेऊन निघाला की मी दारातनं माघारी बोलवायची त्याला.”

झालं! टोळीत ती पद्धतच पडली. जो तो पेटीत साखर घालून परत पाठवायला लागला. महिन्याचा हिशेब लावायला बसलो तर खजिन्यात सोनं कमी आणि साखरच साखर. संभादादा म्हणाला, “असू दे की सर. चहाला मरण न्हाय!”

*

एके दिवशी दुपारी पूर्वाचा फोन आला. क्लिनिकमधून, पेशंटला खुर्चीत तोंड उघडं ठेवून. “सर, घाटमाथा दिसलाय! पुलावर मासे धरतोय.”

सगळे धावलो. तो खरंच उभा होता, नावापुढे हिरवा ठिपका. मी लिहिलं, ‘नमस्कार.’ गेमनं उत्तर दिलं की या माणसानं अनोळखी लोकांचे मेसेज बंद ठेवलेत. काकू पोचल्या तोवर तो पाठमोरा होऊन निघाला होता.

“सर,” काकूंचा आवाज एकदम पडला, “अभ्या असा चालत न्हाय.”

“काकू, इथं सगळे असेच चालतात.”

“मग त्योच असंल की!”

आम्ही हसलो, त्याही हसल्या. तेवढ्यात ठिपका विझला आणि पुलावर कुणीच नव्हतं.

हसलो खरं, पण ‘त्योच असंल’ हे मला त्या दिवसापासून टोचत राहिलं. गेममधली खाती लोक विकतात. खेळणारा बदलतो, नाव तेच राहतं. त्या नावाआड कुणीही असू शकतं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पूर्वालाही माहीत होतं, आणि आम्ही दोघंही काकूंपुढे तो विषय टाळायचो. तर एकदा खिळे बनवता बनवता काकूंनीच विचारलं, “सर, दुसऱ्याच्या नावानं कुणी खेळू शकतंय का?”

सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा मी! म्हटलं, “बघून सांगतो.”

काकू म्हणाल्या, “सावकाश बघा. घाई न्हाय.”

*

मेसेज बंद असले तरी पेटी जाते. पण टोळीबाहेरच्या माणसाला पाठवायची तर साधी पेटी चालत नाही. तिला काळ्या रानातलं लाकूड लागतं. ते रान वाईट. तिथं लांडगे आहेत आणि मेलात तर अंगावरचं सगळं जातं. काकूंनी गेममधल्या घरात बसून भाकरी बनवली होती, घोंगडी विणली होती, सगळं बरोबर घेतलेलं. “घरात ठेवून कशी येऊ? कुणी नेलं म्हंजे?”

आम्ही सोबतीला गेलो. लाकूड तोडलं, आणि नेमकी गगनबावड्याला लाइट गेली. नेट गेलं. काकूंचा आवाज बंद, आणि त्यांची गेममधली बाई रानाच्या मधोमध दगडासारखी उभी! ना हलता येतं, ना पळता येतं.

आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहिलो. एक लांडगा मारला की झाडीतून दुसरा यायचा. पूर्वानं पेशंटला बाहेर बसवलं. मी स्वतःला सांगत होतो, अरे गेम आहे हा, गेम! पण त्या बाईच्या पाठीवरच्या गाठोड्यात काय आहे ते माहीत होतं ना. धारा काढायची वेळ झाली, संभादादाच्या म्हशी हंबरायला लागल्या. आम्हाला ऐकू येत होतं.

“जा तू,” मी म्हटलं.

“न्हाय. हलायचं न्हाय कुणी.” मग तो तिकडे तोंड करून ओरडला, “अगं, आजच्या दिवस तू पीळ! काकू रानात हायत!”

वहिनींनी बादली आपटत गोठा गाठला.

खूप वेळानं माइक खरखरला. लांबून आल्यासारखा काकूंचा आवाज आला.

“सर... मी हाय का अजून?”

*

पेटी गेली. आत भाकरी आणि घोंगडी. पाठवणाऱ्याचं नाव, ‘अभ्याची आई’.

दोन दिवस काहीच नाही. मग गेमकडून खूण आली, पेटी उघडल्याची. संभादादा ओरडला, “उघडली! म्हंजे हाय!” पूर्वाच्या आणि माझ्या मनात मात्र तीच शंका. विकत घेतलेल्या खात्यावर बसलेला कुणी उपराही पेटी उघडणारच की! फुकटची भाकरी कोण सोडतो?

आणि शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, काकूंचा निरोप आला. सगळे या. पेटी माघारी आलीय.

आम्ही आलो. काकूंनी पेटी गेममधल्या आपल्या घराच्या अंगणात ठेवली होती आणि त्या तिच्यापासून लांब उभ्या होत्या.

“उघडा की काकू,” संभादादा म्हणाला.

“रिकामी असंल तर?”

गेममध्ये रिकामी पेटी आपोआप माघारी येते. कुणी न पाठवताही येते. हे मी त्यांना शिकवलं होतं, कधीतरी पहिल्या आठवड्यात. आता वाटलं, शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

“सर, तुम्ही उघडता?”

“तुमच्या नावाची आहे काकू. तुम्हालाच उघडावी लागेल.”

मागे पाऊस लागलेला. काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग पेटीचं झाकण वर गेलं. आम्हाला आतलं दिसत नाही, ते फक्त तिच्या मालकाला दिसतं.

“काकू?” पूर्वा म्हणाली. “काकू, काय आहे?”

हुंदका आला आणि मध्येच दाबला गेला. मागून तो पुरुषाचा आवाज आला, “काय झालं? काय आलंय त्यात?”

“साखर,” काकू म्हणाल्या. “साखर हाय, अहो.”

बाकडं सरकल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला असावा, कारण खरखर झाली. मग तोच आवाज, पण अगदी जवळून आणि चाचरत,

“सर... मी नवीन हाय. त्या लांब जाणाऱ्या पेटीला लाकूड कुठलं लागतंय म्हणालासा?”